दाब म्हणजे वाट्याला आलेला जोर : आठवीतला ‘स्थायूवरील दाब’ घरी समजून घेण्यासाठी

बी.एड.च्या सराव पाठाला मी आठवीच्या वर्गावर ‘बल व दाब’ शिकवायला उभी होते. फळ्यावर सूत्र लिहिलं, व्याख्या सांगितली, टेबलावर वीट आधी आडवी आणि मग उभी ठेवून दाखवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘‘मॅडम, वीट तीच आहे. वजन वाढलं नाही. मग दाब कुठून वाढला?’’

सूत्र मला पाठ होतं. ‘‘क्षेत्रफळ कमी झालं म्हणून,’’ मी म्हणाले. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. मी स्वतः आठवीत असताना हीच व्याख्या घोकून मार्क मिळवले होते, पण विटेकडे बघून असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यानंतर बरीच वर्षं मी घरी सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते आहे. जवळजवळ प्रत्येक मूल याच धड्यात अडतं आणि अडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. खालच्या पायऱ्या मी त्या जागा पाहून लावल्या आहेत. विद्यार्थी असाल तर एखाद्या रविवारी घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन करा. पालक असाल तर आधी स्वतः करून बघा आणि मग मुलांना करू द्या. क्रम मात्र बदलू नका. सूत्र चौथ्या पायरीवर आहे, ते मुद्दामच.

काय काय लागेल

- एक साधी भाजकी वीट
- घमेलं किंवा मोठी परात, आणि ती चार बोटं भरेल एवढी कोरडी, चाळलेली बारीक वाळू
- माणसाचं वजन करायचा काटा (घरी नसेल तर दवाखान्यात किंवा ओळखीच्या दुकानात मिळतो)
- आलेख कागदाचे दोन-तीन ताव
- टोक केलेली पेन्सिल, पट्टी
- शंभर ड्रॉइंग पिना, जाड पुठ्ठा, तीन-चार फुगे
- सामानाने भरलेली एक कापडी पिशवी, तिला बारीक बंद असतील तर उत्तम
- एक जुना रुमाल

फुगे-पिनांचा प्रयोग सोडून बाकी सगळं जवळपास फुकटात होतं.

१. आधी ‘जोर’ आणि ‘दाब’ यांची फारकत करा

घोळाची सुरुवात आपल्या बोलण्यातच आहे. ‘बटण दाब’, ‘आजीचे पाय दाबून दे’, ‘झाकण जरा दाबून बसव’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं ‘जोर लाव’. त्यामुळे जोर आणि दाब हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत असं डोक्यात घट्ट बसतं. विज्ञानाच्या पुस्तकात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोराला तिथे बल म्हणतात. ते बल जेवढ्या जागेवर पडलं, त्या जागेच्या प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला किती आलं, तो दाब.

समजा शंभर लाडू आहेत. दहा मुलांत वाटले तर प्रत्येकी दहा. दोघांतच वाटले तर प्रत्येकी पन्नास. लाडू एकही वाढला नाही, पण वाटा पाचपट झाला. इथे लाडू म्हणजे बल, मुलं म्हणजे जागा आणि प्रत्येकाच्या हाती आलेले लाडू म्हणजे दाब.

त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं. दाब कुठूनही आला नाही. वीट उभी केल्यावर वाटेकरी कमी झाले आणि उरलेल्यांच्या वाट्याला जास्त आलं.

पुढे कुठेही अडलात तर दोनच प्रश्न विचारा : जोर किती? तो किती जागेत वाटला गेला?

२. काट्यावर एका पायावर उभे राहा

वजनकाट्यावर दोन्ही पाय टेकवून उभे राहा आणि आकडा बघा. आता एक पाय उचला, पण कशाचाही आधार न घेता. सुरुवातीला तोल सावरताना काटा थोडा हलेल. स्थिर झालात की पुन्हा आकडा बघा.

मुलांना आधी अंदाज सांगायला लावा. ‘निम्मं होईल’ म्हणणारी असतात, ‘दुप्पट होईल’ म्हणणारीही असतात. आकडा तोच राहतो. माझ्या घरच्या काट्यावर हा प्रयोग करताना मुलं हमखास उतरतात आणि पुन्हा चढतात, कारण डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

काटा जोर दाखवतो आणि तुमचं वजन बदललेलं नाही. बदललं ते तळपायाला कळतं : एका पायावर दोन मिनिटं उभं राहिलात की टाच बोलायला लागते. दोन पायांनी मिळून जो भार उचलला होता तो आता एकट्या पायावर आहे, म्हणून त्या पायाखालचा दाब दुप्पट झाला. आकडा तोच आणि टाच दुखते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे पटलं की धड्याचं निम्मं काम झालं.

पालकांना एक विनंती. इथे ‘वजन म्हणजे वस्तुमान नव्हे’ हे लगेच सुरू करू नका. त्याची जागा पुढे आहे.

३. पेन्सिल दोन बोटांत धरा

टोक केलेली पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्यात आडवी धरा. बोथट बाजू अंगठ्यावर, टोक तर्जनीवर. हळूहळू दोन्ही बोटांनी आत जोर द्या. तर्जनी लगेच तक्रार करेल, अंगठ्याला विशेष काही वाटणार नाही.

आता विचारा, जोर कोणत्या बोटावर जास्त आहे? बहुतेक मुलं ‘टोकाकडे’ म्हणतात. तसं असतं तर पेन्सिल एका बाजूला सरकली असती. ती जागच्या जागी आहे, म्हणजे दोन्ही टोकांना जोर सारखाच आहे. फरक फक्त जागेचा. अंगठ्यावर तो जोर पेन्सिलीच्या अख्ख्या बुडावर पसरला आहे, तर्जनीवर टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान ठिपक्यावर एकवटला आहे.

ड्रॉइंग पिन बनवणाऱ्याने हीच गोष्ट कामाला लावली आहे. अंगठ्याने २० न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक) जोर लावला आणि पिनेचं डोकं साधारण १ चौरस सेंटीमीटर धरलं, तर अंगठ्यावर २ लाख पास्कल दाब येतो. टोक ०.१ चौरस मिलिमीटर धरलं तर फळ्यावर तोच जोर २० कोटी पास्कल दाब देतो. हजारपट! पास्कल म्हणजे काय ते पुढे येतंच आहे, तूर्त फक्त पटीकडे बघा.

जपून : टोक बोटात रुतेल इतका जोर लावायचा नाही. फरक जाणवला की थांबा.

४. आता सूत्र लिहा

इथपर्यंत आलात की सूत्र पाठ करावं लागत नाही, ते आपोआप लिहिलं जातं.

दाब = बल ÷ क्षेत्रफळ

बल न्यूटनमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, म्हणून दाब न्यूटन प्रति चौरस मीटर. यालाच पास्कल म्हणतात. बल दुप्पट केलं तर दाब दुप्पट, हे समप्रमाण. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर दाब निम्मा, हे व्यस्त प्रमाण.

‘एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागणारं बल म्हणजे दाब’ या व्याख्येतला ‘लंब दिशेने’ हा शब्द मुलं गाळतात आणि परीक्षेत अर्धा मार्क जातो. पृष्ठभागाला काटकोनात जेवढं बल लागतं तेवढंच इथे धरायचं. पिन फळ्यात सरळ घुसवतो ते लंब. सपाट जमिनीवर ठेवलेल्या वस्तूचं वजन जमिनीला लंब असतं, म्हणून आठवीच्या गणितांत बहुतेक वेळा वजन हेच बल असतं.

आणि आता वजन-वस्तुमानाचा मुद्दा. काट्यावर दिसतात ते किलो, म्हणजे वस्तुमान. पृथ्वी त्याला ज्या बलाने ओढते ते वजन, ते न्यूटनमध्ये. किलोला ९.८ ने गुणायचं. घरच्या प्रयोगांत मी १० ने गुणते, आकडे सुटसुटीत राहतात. परीक्षेत प्रश्नात जो आकडा दिला असेल तोच घ्या.

५. विटेचा प्रयोग, पण नीट

हा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे आणि बहुतेकांचा फसतो. मीही वाळूत वीट ठेवून ‘दिसला का फरक?’ असं विचारलेलं आहे आणि मुलांनी माझ्याकडे बघून मान हलवलेली आहे. फरक दिसत नव्हता. का फसतो ते आधी सांगते.

वाळू ओली असेल तर ती घट्ट बसते आणि वीट कशीही ठेवली तरी रुतत नाही. म्हणून कोरडी वाळू घ्या. एकदा वीट ठेवून उचलली की तिथली वाळू दबलेली असते, म्हणून दर खेपेला हाताने उकरून, भुसभुशीत करून पट्टीने सपाट करा. वीट टाकू नका, अलगद टेकवा आणि हात हळूच काढून घ्या. वरून सोडलेल्या विटेचा धक्का तिच्या वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो, मग तुलना कशाशी करणार? चौथी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. विटेच्या एका मोठ्या बाजूला भट्टीच्या नावाची खोलगट खाच असते. ती बाजू वर ठेवा. खाली गेली तर सुरुवातीला विटेच्या कडाच टेकतात, वाटेकरी कमी होतात आणि आडवी वीट अपेक्षेपेक्षा जास्त रुतते.

आता मोजमाप. विटा गावोगाव वेगळ्या, त्यामुळे तुमची तुम्हीच मोजा. माझ्याकडची वीट २० सेंटीमीटर लांब, १० रुंद, साडेसात उंच आहे आणि तिचं वस्तुमान ३ किलो आहे. म्हणजे बल ३० न्यूटन. तिन्ही स्थितींत ते तेवढंच.

- मोठ्या बाजूवर आडवी : जागा २० × १० = २०० चौसेमी = ०.०२ चौमी. दाब ३० ÷ ०.०२ = १५०० पास्कल.
- लांब कडेवर : २० × ७.५ = १५० चौसेमी = ०.०१५ चौमी. दाब २००० पास्कल.
- उभी, लहान बाजूवर : १० × ७.५ = ७५ चौसेमी = ०.००७५ चौमी. दाब ४००० पास्कल.

प्रत्येक वेळी वीट उचलल्यावर उमटलेल्या खड्ड्यात पट्टीचं टोक अलगद उभं करून खोली वाचा आणि वहीत लिहा. आडव्या विटेचा ठसा उथळ असतो, कडा जेमतेम उमटतात. उभ्या विटेचा लहान चौकोन चांगला खोल जातो आणि त्याच्या भोवती वाळूचा बारीक बांध उठतो. खोली नेमकी दाबाच्या पटीतच येईल असं मात्र समजू नका. वाळू स्प्रिंगसारखी मोजून दबत नाही. क्रम बरोबर आला की प्रयोग बरोबर.

उभी वीट कलंडली तर ‘दाब जास्त म्हणून पडली’ असं लिहू नका. तो तोलाचा प्रश्न आहे, दाबाचा नाही.

६. स्वतःच्या पायाखालचा दाब मोजा

मला सगळ्यांत आवडणारी पायरी ही. इथे आकडे पुस्तकातले राहत नाहीत, तुमचे होतात.

आलेख कागद फरशीवर पसरा. तळपाय ओल्या फडक्याने पुसून किंचित ओला करा, पाणी ठिबकू नये. कागदावर पाय ठेवा, सगळा भार त्या पायावर द्या आणि न सरकवता सरळ उचला. ओला ठसा वाळायच्या आत पेन्सिलीने त्याची कड गिरवून घ्या. गौरी आणताना उंबऱ्यापासून पावलं उमटवतात, तसंच ते दिसतं. टाच एकीकडे, चवडा दुसरीकडे, मध्ये आतल्या बाजूला रिकामी जागा आणि वर पाच बोटांचे ठिपके. ती रिकामी जागा नीट पाहा. तळपायाची कमान तिथे जमिनीला टेकतच नाही, मग तिला वाटेकरी म्हणून मोजायचं नाही. पाय कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवणारी मुलं हीच जागा चुकून मोजतात आणि दाब कमी येतो.

आता चौकोन मोजा. एक सेंटीमीटरचे पूर्ण चौकोन सगळे घ्या. अर्धा किंवा अर्ध्याहून जास्त भरलेला असेल तर तो पूर्ण धरा. अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्या.

एका मुलाचं उदाहरण देते. वस्तुमान ४२ किलो, म्हणजे बल ४२० न्यूटन. एका पायाचे चौकोन भरले १०५. दोन्ही पाय टेकले तर २१० चौसेमी, म्हणजे ०.०२१ चौमी. दाब २०,००० पास्कल. एका पायावर उभा राहिला की ४०,०००. मग त्याने स्वतःहून विचारलं, ‘‘ताई, चवड्यावर उभा राहिलो तर?’’ एका पायाच्या चवड्याचा वेगळा ठसा काढला, ३५ चौकोन आले. ४२० ÷ ०.००३५ = १,२०,००० पास्कल. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला होता.

याच हिशोबात चिखलाचं शहाणपणही येतं. तळ्याच्या काठच्या गाळात पाय रुतायला लागला तर दुसरा पाय जोरात रोवून पहिला ओढायचा नाही, कारण त्या क्षणी सगळा भार एकाच पावलावर येतो आणि ते आणखी खोल जातं. अंग मागे टाकून जास्तीत जास्त शरीर गाळावर पसरवायचं, मदतीसाठी ओरडायचं आणि पाय हळूहळू सोडवायचे. हे मात्र करून बघायचं नाही, फक्त लक्षात ठेवायचं.

७. पास्कल किती छोटा आहे ते बघा

लाखांचे आकडे बघून मुलं बिचकतात. ‘इतका दाब? मग पाय मोडत कसा नाही?’ त्याचं कारण पास्कल हे एककच इवलंसं आहे.

छपाईच्या कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यावर ‘७५ जीएसएम’ असं लिहिलेलं असतं. अर्थ : या कागदाचा एक चौरस मीटर ७५ ग्रॅम भरतो. ७५ ग्रॅमचं वजन ०.७५ न्यूटन. म्हणजे टेबलावर पडलेला एक कागद टेबलावर ०.७५ पास्कल दाब देतो. एक पास्कल म्हणजे दीड कागदाहून कमी! आता तोच कागद मधोमध फाडून अर्धा तुकडा ठेवला तर टेबलावरचा दाब किती? लगेच उत्तर देऊ नका, शेवटी बघू.

एककाचं नाव फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांच्यावरून आलं. त्यांचा काळ १६२३ ते १६६२, नाव एककाला मिळालं १९७१ साली. १६४८ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या मेहुण्यांनी पाऱ्याची नळी डोंगरावर नेली आणि वर गेल्यावर पारा खाली उतरतो हे पाहिलं. पण ती हवेच्या दाबाची गोष्ट, पुढच्या भागातली.

८. गणितं इथे चुकतात

एकच गणित घेऊ. ४० किलोची लोखंडी पेटी, तळ ५० सेमी × ४० सेमी. जमिनीवरचा दाब किती?

पहिली चूक, किलो तसेच ठेवणं. ४० नव्हे, ४०० न्यूटन.

दुसरी चूक सगळ्यांत जास्त मार्क खाते. तळ २००० चौसेमी. मुलं म्हणतात, १०० सेंटीमीटरचा एक मीटर, म्हणून २००० ÷ १०० = २० चौमी. एक चौरस मीटर म्हणजे १०० सेमी लांब आणि १०० सेमी रुंद, त्यात १०,००० चौरस सेंटीमीटर बसतात. हे पटत नसेल तर खडूने फरशीवर एक मीटरचा चौकोन आखा आणि आलेख कागदावरचा सेंटीमीटरचा चौकोन त्याच्या कोपऱ्यात ठेवा. एका रांगेत शंभर, अशा शंभर रांगा. आलेलं उत्तर मनाशी ताडून बघायची सवय लावा : २० चौरस मीटर म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट, म्हणजे अख्खी खोली. पेटीचा तळ खोलीएवढा कसा असेल? बरोबर उत्तर ०.२ चौमी आणि दाब ४०० ÷ ०.२ = २००० पास्कल.

तिसरी चूक हुशार मुलं करतात. गणिताच्या तासाला इष्टिकाचितीचं एकूण पृष्ठफळ शिकलेलं असतं, म्हणून पेटीच्या सहाही बाजूंची बेरीज करून बसतात. जी बाजू टेकली आहे तेवढीच घ्यायची. हवेत असलेल्या बाजू वाटेकरी नाहीत.

चौथी, पाय मोजायला विसरणं. खुर्चीला चार पाय असतात. एका पायाचं क्षेत्रफळ दिलं असेल तर चारने गुणा.

आणि एकक लिहा. नुसतं ‘२०००’ हे उत्तर नाही.

एक गैरसमज गणितात दिसत नाही पण रिकाम्या जागा भरताना बाहेर येतो : ‘जड वस्तूचा दाब नेहमी जास्त.’ ४००० किलोचा हत्ती घ्या. चारही पाय टेकून उभा असेल तर प्रत्येक पायावर १०,००० न्यूटन. एका पावलाचं क्षेत्रफळ ०.१ चौमी धरलं तर दाब १ लाख पास्कल. आता ५० किलोची बाई टोकदार टाचेच्या चपला घालून चालते आहे आणि क्षणभर तिचा निम्मा भार, म्हणजे २५० न्यूटन, एका टाचेच्या १ चौसेमी टोकावर आला. दाब २५ लाख पास्कल. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अशा टाचांचे खड्डे मी पाहिले आहेत.

९. फुगा आणि शंभर पिना

पुठ्ठ्याला खालून पिना टोचा. दहाच्या दहा रांगा, पिना जितक्या जवळ बसतील तितक्या बसवा. टोकं वर येऊ द्या आणि सगळ्यांची उंची सारखी असू द्या. एक जरी पिन वर आलेली राहिली तरी फुगा तिथेच फुटतो, कारण सगळा भार आधी तीच घेते. फुगा गच्च फुगवू नका. तो पिनांवर ठेवून वरून वहीने हळूहळू दाबा. बराच जोर लावला तरी तो टिकतो. मग तोच फुगा एकाच पिनेवर ठेवून बघा.

फुगा दाबताना चेहरा लांब ठेवा. प्रयोग झाल्यावर पिना मोजून डबीत भरा, शंभरच्या शंभर. अनवाणी फिरणाऱ्या घरात हे फार महत्त्वाचं आहे.

१०. घरात, शेतात, रस्त्यावर शोधा

आता वही घेऊन बाहेर पडा आणि दोन याद्या करा : कुठे दाब वाढवण्यासाठी जागा कमी केली आहे आणि कुठे दाब कमी करण्यासाठी जागा वाढवली आहे.

पहिली यादी पटकन भरते : विळी, सुई, दाभण, खिळा, कुऱ्हाड, खुरप्याची धार. विळीला धार लावणं म्हणजे कडेची रुंदी कमी करणं. बोथट विळीची कड १ मिमी आणि धार लावल्यावर ०.१ मिमी धरली तर त्याच जोरात दाब दहापट होतो.

दुसरी यादी जास्त गंमतीची. सामानाची पिशवी उचला, बंद बोटांत रुततील. बंदाखाली रुमालाची घडी घातली की लगेच बरं वाटतं, पिशवी मात्र तेवढीच जड आहे. डोक्यावर हंडा घेणाऱ्या बायका चुंबळ करतात ती याचसाठी. हंड्याचं बूड गोलसर, डोकंही गोल, दोघं टेकतात ती जागा लहान. पाण्यासकट हंडा २० किलो, म्हणजे २०० न्यूटन धरा. टेकण्याची जागा २० चौसेमी असेल तर दाब १ लाख पास्कल. चुंबळीने ती २०० चौसेमी केली तर १० हजार. माझ्या आजीच्या चुंबळीला आतून जुन्या लुगड्याचे पदर गुंडाळलेले असत. ती दर खेपेला चुंबळ डोक्यावर ठेवण्याआधी हाताने चपटी करून घ्यायची. आजी शाळेत गेली नव्हती, पण क्षेत्रफळ वाढवत होती.

दप्तराचे रुंद पट्टे, उंटाचे पसरट पाय, घराच्या भिंतीपेक्षा रुंद पाया, भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लावतात ती केजव्हील (पिंजऱ्यासारखी रुंद लोखंडी चाकं), हे सगळं याच यादीत. केजव्हीलने चिखलात पकडही मिळते, त्यामुळे तिथे फक्त दाबाचंच कारण लिहू नका.

रेल्वेचा रूळ तर अगदी पायरी-पायरीने समजतो. चाक रुळाला टेकतं ती जागा साधारण एक चौरस सेंटीमीटर, एखाद्या लहान नाण्याएवढी. तिथून भार रुळाच्या रुंद तळावर, तळावरून आडव्या स्लीपरवर, स्लीपरवरून खडीच्या थरावर आणि खडीतून मातीवर जातो. प्रत्येक थराला वाटेकरी वाढत जातात आणि मातीपर्यंत पोचेस्तोवर दाब तिला सोसेल इतका उतरतो. फलाटावर उभे असाल तेव्हा वरून खाली एकेक थर बघा.

११. स्वतःला तपासा

आधी उत्तरं लिहा, मगच खाली बघा.

अ) माझ्या विटेसारख्या दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या. जमिनीवरचा दाब किती?
आ) त्याच दोन विटा शेजारी-शेजारी आडव्या ठेवल्या तर?
इ) ३५ किलोचा मुलगा ५ किलोच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसला आहे. स्टुलाला चार पाय, प्रत्येकी ५ चौसेमी. फरशीवरचा दाब किती?
ई) पायरी ७ मधला अर्धा फाडलेला कागद.

उत्तरं :

अ) ३००० पास्कल. बल ६० न्यूटन झालं, जागा मात्र खालच्या एकाच विटेची.

आ) १५०० पास्कल. इथे बरीच मुलं ३००० लिहितात. बल दुप्पट झालं खरं, पण जागाही दुप्पट झाली.

इ) बल ४०० न्यूटन, जागा २० चौसेमी म्हणजे ०.००२ चौमी, दाब २ लाख पास्कल. स्टुलाच्या पायांना रबरी बूच का बसवतात, तेही याच उत्तरात शोधा. बुचाने जागा वाढते आणि फरशीवर ओरखडे पडत नाहीत.

ई) हे आणि ‘आ’ एकच गणित आहे, फक्त उलट दिशेने. कागद फाडल्यावर वजन निम्मं झालं आणि जागाही निम्मी झाली. अर्ध्याचे पुन्हा अर्धे करा, नखाएवढा तुकडा करा. टेबलाला सपाट टेकलेला असेल तोवर त्याच्याखाली दाब ०.७५ पास्कलच.